यल्लाप्पा कांबळेंच्या भिंतीवरचा संशय

तुमच्यावर कुणी इंग्रजीत अविश्वास दाखवला, तर तो तुम्हाला कळेल? लगेच हो म्हणू नका. यल्लाप्पा कांबळेंना तीन वर्षं कळला नव्हता.

यल्लाप्पामामा मूळचे मुरगूडचे. कोल्हापुरातल्या एका निमसरकारी कार्यालयात एकवीस वर्षं शिपाई. रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या त्यांच्या करगोट्याला बांधलेल्या असायच्या, आंघोळीलाही सुटायच्या नाहीत. माणसाची एकच इच्छा होती, निवृत्त होण्याआधी दप्तरी व्हायचं. शिपायाच्या वरची एक पायरी. घंटी वाजली की पळायचं नाही, कागदपत्रं सांभाळायची. दोन धाकटे शिपाई त्यांना डावलून दप्तरी झाले, तरी मामा म्हणायचे, "माझा नंबर पक्का हाय. सायबानं लेखी दिलंय की!"

ते लेखी मी १९९९च्या मे महिन्यात बघितलं. त्यांच्या लेकीचा, क्रांतीचा साखरपुडा होता, वारणानगरची पाहुणेमंडळी खोलीत बसली होती. भिंतीवर लक्ष्मीपुरीतून काचेच्या चौकटीत बसवून आणलेला टाइप केलेला कागद, त्याला झेंडूचा ताजा हार. शहाण्णव साली साहेबांनी मामांच्या नावानं काढलेलं पत्र ते. एकवीस वर्षांत 'श्री. यल्लाप्पा' असं कुणी लिहिलेलं तेवढंच. पत्र हातात देऊन पोचेची सही घेताना कृष्णात नावाचा कारकून म्हणाला होता, "मामा, सायबांनी तुमच्या कामाबद्दल लिवलंय." त्यात खोटं काही नव्हतं. मामांनी पेढे वाटले. साहेबानं पण एक खाल्ला.

चहाचा कप हातात घेऊन मी सहज वाचायला लागलो. मी सातवी नापास, चळवळीतला माणूस. माझं इंग्रजी पोलिसांनी आणि कारखान्यांनी मला धाडलेल्या नोटिशींतून आलेलं. 'अलेज्ड' म्हणजे तुम्ही म्हणता, पण आम्ही मानत नाही. 'सो-कॉल्ड' म्हणजे नावापुरता. मला कायम 'सो-कॉल्ड कार्यकर्ता' लिहायचे, म्हणून पाठ. आपल्याकडं इस्वास नसला तर माणूस तोंडावर म्हणतो, "तुझा काडीचा भरवसा न्हाय." भांडण होतं, मिटतं. इंग्रजीतला अविश्वास इस्त्री करून येतो, खाली सही-शिक्का असतो.

कागदावर होतं, 'इंटिग्रिटी डाउटफुल. कॅनॉट बी ट्रस्टेड विथ रिस्पॉन्सिबल वर्क.'

मी दोनदा वाचलं. कप खाली ठेवला. आणि डोकं फिरलं की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही.

"ह्याला हार कुणी घातला? ही शिवी हाय शिवी!"

मामा हसतच म्हणाले, "जोतीराम, प्रशस्तिपत्र हाय ते."

"ह्यात लिवलंय, ह्या माणसाच्या इमानाचा संशय येतो. जबाबदारीचं काम देऊ नये."

"कुणाला?"

"तुम्हाला, मामा."

त्यांचा हात आपसूक कमरेच्या किल्ल्यांकडं गेला. "माझ्यावर संशय? मग ह्या कशाला दिल्यात माझ्याकडं?"

सोनूमामींनी स्टुलावर चढून चौकट उतरवली. व्याही भला माणूस. "पावणं, आमचा तुमच्यावर इस्वास हाय," एवढं म्हणाला, आणि साखरपुडा पार पडला. पण मामा जेवले नाहीत.

सोमवारी मी कृष्णातला कार्यालयाच्या जिन्यातच गाठला. "मामांच्या पत्रात तो शेरा कशापायी?"

"सायबांच्या बंगल्यावर गॅसची टाकी न्यायला मामा नको म्हणाले हुते. म्हणाले, मी हापिसचा शिपाई हाय, घरचा न्हाय."

"आन तू त्यांना वाचून दाखवलं न्हाईस?"

"पेढे आणाय गेलते वो ते! कसं सांगू?"

शेऱ्याविरुद्ध दाद मागायला सहा आठवडे होते. ते संपून तीन वर्षं झालेली. तरी मी मराठीत अर्ज लिहिला, मामांनी जपून सही केली. आठ महिन्यांनी उत्तर आलं. इंग्रजीतच. उशिराचं कारण पटण्यासारखं नाही, अर्ज विचारात घेता येत नाही. म्हणजे 'मला इंग्रजी येत नव्हतं' ह्यावरही त्यांचा विश्वास नव्हता! २००३ साली मामा शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. किल्ल्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याकडंच.

ते उत्तर आलं त्या दिवशी ते घेऊन मी त्यांच्या दारात उभा होतो, तेव्हा शेजारची चार माणसं कट्ट्यावर बसलेली. मामा उठले, माझा दंड धरला आणि हळू म्हणाले, "जोतीराम, ह्यात काय लिवलंय ते हितं नगं. आत येऊन सांग."

त्या साखरपुड्यात मी काय केलं होतं, ते मला त्या उंबऱ्यात कळलं.

म्हणून मागणं एवढंच. तुम्हाला इंग्रजी येतं ना? मग तुमच्या ओळखीतल्या एका शिपायाच्या, एका आयाच्या घरी ह्या आठवड्यात जा. त्यांच्या नोकरीचे कागद मागा, दार लोटून घ्या, आणि हळू आवाजात सगळे वाचून दाखवा.