चाकू हातात देऊ नये

रजा संपायला एक दिवस उरला होता. मी आणि चंदर निरगुडा एकाच पलटणीतले, एकाच सेक्शनमधले. मी खालापूरचा, तो कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीचा. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून निघायचं होतं. पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरात होतं.

सकाळी गावातल्या एका मंडळानं आमचा सत्कार केला. मला मखमली पेटीतली कट्यार मिळाली. मुठीवर सिंह, पात्यावर सोनेरी मुलामा. चंदरला टॉवेल आणि नारळ. बूट तेच, रायफल तीच, ड्यूटी तीच. फक्त तो वाडीवरचा. मी स्टेजवरच विचारलं, "याला कट्यार का नाही?"

अध्यक्ष म्हणाले, "एकच आणली होती."

चंदर माझ्या कानाशी म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं अमल्या. नारळ खाता तरी येतो."

घरी आईनं त्या कट्यारीनं कलिंगड कापून पाहिलं. साल नुसती दबली. आई खोपोलीत पोळीभाजी केंद्र चालवते, तिचा अर्धा दिवस सुरी हातात असतो. तिनं कट्यार पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर टाकली.

"हे सैनिकाला दिलं? चल रे चंदर. तुला खरा चाकू घेऊन देते."

हे सगळं आज लिहायचं कारण असं की असे सत्कार अजून चालू आहेत. मी पत्रकं वाटतो, सभांमध्ये उभा राहून बोलतो, आणि लोक मला कटकट्या म्हणतात. म्हणू देत. ज्या वस्तूनं सुतळी तुटत नाही ती वस्तू तुम्ही सीमेवर जाणाऱ्या माणसाच्या हातात देता आणि वर फोटो काढता. तो माणूस ती घेऊन काय करणार, हा प्रश्न तुम्हाला पडतच नाही. आईला पडला होता.

कर्जतच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं एक दुकान आहे. चंदरनं तिथं पाऊल टाकताच सगळ्यात मोठा चाकू उचलला. पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र.

"काकू, ह्यो बघा. दिशा पन सांगतो."

"दिशा सांगायला तुमचे साहेब आहेत ना? ठेव खाली."

दुकानदार म्हणाला, "ताई, मिलिटरीवाले हाच नेतात."

"नेत असतील. पुढच्या रजेत येऊन तोच परत मागतात का?"

दुकानदारानं दुसरा खोका काढला.

आईनं त्याच्याकडून पाणी मागून घेतलं, हात ओला केला आणि एकेका चाकूची मूठ धरून पाहू लागली. गुळगुळीत मुठी निसटत होत्या. त्या बाजूला गेल्या. दातेरी पाती बाजूला गेली. तिथं डोंगरात धार लावणारा कुठून येणार? साधी धार असली की दगडावरसुद्धा लावता येते. शेवटी घडीचा एक चाकू उरला. काळी खरबरीत मूठ, तळहाताएवढं पातं, मुठीला दोरी ओवायला भोक.

"आता उजवा हात खिशात घाल आणि हा उघड," आई चंदरला म्हणाली.

"डाव्या हातानं?"

"उजवा हात नेहमी मोकळाच असेल असं लिहून दिलंय का कोणी?"

दोनतीनदा धडपडल्यावर चंदरला जमलं. पातं उघडून घट्ट अडकलं, दाबूनही मिटेना. दुकानातली जाड नायलॉनची दोरी एका ओढीत तुटली. दुकानदार म्हणाला, "दोरीचे पैसे वेगळे हं, ताई." आई हसली आणि तिनं चाकू घेतला.

पण चंदरनं हात पुढे केला तेव्हा तिनं तो त्याच्या हातात दिला नाही. काउंटरवर ठेवला. "उचल. चाकू हातात देऊ नये. माणसं तुटतात."

थोतांडावर मी तेव्हाही पत्रकं काढायचो, लगेच सुरू झालो. आई, हे थोतांड आहे, अमुक आहे, तमुक आहे.

"असेल," ती म्हणाली. "खाली ठेवायला काय जातंय?"

पोस्टवर तो चाकू सगळ्या सेक्शनचा झाला. रेशनचे डबे, बुटांच्या नाड्या, मेणबत्तीची वात, कांदा, सगळ्याला तोच. आमचे सेक्शन कमांडर हवालदार शिंदे साताऱ्याकडचे. ते हात पुढे करून म्हणायचे, "निरगुडा, चाकू." चंदर चाकू खोक्यावर ठेवायचा.

"अरे, हातात दे की."

"नाय साहेब. काकूंनी सांगितलंय."

"इथं सेक्शन कमांडर कोण, मी का तुझी काकू?"

"चाकवापुरती काकू, साहेब."

महिन्याभरात सगळेच तसं करू लागले. मी सोडून. मी मुद्दाम हात पुढे धरून उभा राहायचो. चंदर चाकू दगडावर ठेवायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. तेव्हा मला राग यायचा. आता ते बसणं आठवतं. मागे धुक्यातला डोंगर असायचा आणि तो म्हणायचा, "आमच्या राजमाचीसारखा दिसतो, नाय? फक्त करवंदं नायत."

त्या दिवशी आम्ही रेशन घेऊन ट्रकनं पोस्टकडे परत चाललो होतो. सकाळचे सात वाजले होते. पाऊस चारपाच दिवस सलग होता, म्हणून मागची ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधलेली. पुढे ड्रायव्हर आणि शिंदे साहेब. मागे मी, चंदर आणि दोन जवान. एका वळणावर रस्त्याची कड सुटली. ट्रक खाली गेला आणि नाल्यात कुशीवर पडला.

आत अंधार. पाणी चढत होतं. मी चंदरच्या उजव्या हातावर पडलो होतो आणि माझा पाय मोडला होता. मला हलता येईना.

"हलू नको," तो म्हणाला. "उघडतो."

त्यानं डाव्या हातानं चाकू उघडला. ताडपत्री फाटल्याचा आवाज आला आणि उजेड आला. दोन्ही जवान बाहेर पडले, त्यांनी मला वर ओढलं. शिंदे साहेब आणि ड्रायव्हर खिडकीतून निघून काठावर पोचले होते. साहेब वायरलेस सेटवर बोलत होते.

"गाडी नाल्यात. मदत पाठवा. ओव्हर."

"किती जण? ओव्हर."

"सहा. पाच बाहेर, एक आत. ओव्हर."

चंदरचा पाय तेलाच्या पिंपाखाली होता. पिंप बांधलेला दोर बाहेरच्या हुकाला होता. आतून पोचत नव्हतं. ताडपत्रीच्या फटीतून त्याचा हात आला. पातं त्यानं स्वतःच्या मुठीत धरलं होतं आणि चाकूची मूठ माझ्याकडे केली होती.

"धर. वरनं दोर काप."

खाली ठेवायला जागा नव्हती. मी हातात घेतला.

दोर ओला होता, तरी तुटला. पिंप हललं. चंदर म्हणाला, "निघाला पाय." मी हात आत घातला. त्याची बोटं लागली. त्याच वेळी खालची माती पुन्हा सरकली, ट्रक उलटला आणि पाण्यानं तो पुढे नेला. जवानांनी मला मागे खेचलं होतं. चाकू माझ्या हातातच होता.

चंदर दुसऱ्या दिवशी खालच्या पुलापाशी सापडला.

पायामुळे मला पलटण सोडावी लागली.  घरी आल्यावर एकदा जेवताना आईनं विचारलं, "चाकू तुझ्याकडे कसा आला?"

मी म्हणालो, "त्यानं हातात दिला."

आई पानावरून उठली. माझी थोतांडावरची सगळी पत्रकं घरात होती. त्यातलं एकही वाक्य तिला सांगता येईना.

आम्ही दोघं वाडीवर गेलो. चंदरची आई अंगणात पत्रावळींसाठी पळसाची पानं लावत बसली होती. माझ्या आईनं चाकू तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "मीच घेऊन दिला होता. हातात देऊ नको, एवढं सांगितलं होतं त्याला."

चंदरच्या आईनं चाकू उचलला. उघडला. पात्यावर अंगठा फिरवला. "धार हाय अजून." पानांच्या गठ्ठ्याची वाखाची दोरी कापली आणि गठ्ठा मोकळा केला. मग चाकू मिटून माझ्या आईच्या हातात दिला, आणि तिची बोटं त्यावर दाबून धरली.

"गाडी पान्यानं नेली, बाय. चाकवानं नाय. ठेवा तुमच्याकडं. आन येत जा."

आम्ही जातो.

आमच्या घरी आता चाकू हातात देतात. पातं आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे. चंदरनं दिला होता तसा.