शिरीषचा जुनिपर

विषुववृत्ताजवळच्या, बारमाही उकाड्याच्या सेंगकांगमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी कानटोपी घालून बसावं लागे. कारण माझा नवरा शिरीष आणि त्याचा जुनिपर.

शिरीष बँकेत अकाउंटंट. दरवर्षी रजा साठवायची आणि हिमालयात पळायचं. बरं, शिखरांचंही वेड नाही. झाडं जिथे संपतात तिथवरच जायचं. तिथे म्हणे खडकांच्या भेगांत मुळं रोवून, वाऱ्याने वाकडी झालेली जुनिपरची झाडं असतात; त्यांच्या शेजारी बसून हा चहा पिणार. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उंच डोंगर बंद केले. झालं, स्वारी रुसली. ऑफिसातून आला की खुर्चीत. व्यायामाचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे.

"बुकित तिमाहच्या टेकडीवर तरी चल," मी म्हटलं.

"तो नुसता चढ आहे गं."

गुडघा आखडत चालला होता. हा आता असाच बसून राहणार, या विचाराने मला खरंच भीती वाटायची.

तशात त्याने नर्सरीतून कुंडीतला जुनिपर आणला. डोंगरातलं झाड, म्हणून बेडरूममध्ये ठेवला. पडदे बंद, एसी अठरावर. आमची लेक अवनी कुडकुडत इथल्या मुलांच्या ढंगात म्हणायची, "बाबा, टू कोल्ड लाह." महिन्याभरात झाड तपकिरी पडलं. शिरीषने एसी आणखी खाली आणला.

चायनीज न्यू इयरच्या आदल्या दिवशी एसीने मान टाकली. त्या दिवसांत मेकॅनिक मिळतोय कुठला? मी कुंडी उचलली आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये उन्हात ठेवली.

"मरेल ते," शिरीष कासावीस होऊन म्हणाला.

"तुझ्या त्या वरच्या झाडांना पडदे असतात का रे?"

राखणीला म्हणून तो खुर्ची घेऊन बाहेर बसला. ऊन सरकलं की कुंडी सरकवायची, म्हणजे उठणं आलं. दिवसभर उठबस. शेजारच्या आजी सणाची संत्री घेऊन आल्या, त्यांनाही त्याने जुनिपरवर व्याख्यान दिलं.

एसी दुरुस्त झाला, तरी कुंडी आत आली नाही. काही आठवड्यांनी फांद्यांच्या टोकांना हिरवे कोंब दिसले. शिरीष बराच वेळ बघत उभा राहिला. मग कपाटातून जुने बूट काढले.

"कुठे?"

"बुकित तिमाहला. येतेस?"

"तो तर नुसता चढ ना?"

"यालाही कुठे हिमालय मिळालाय," कुंडीकडे मान वळवून तो लेस बांधत म्हणाला.

डोळे भरून आले, ते त्याला दिसू नयेत म्हणून मी छत्री शोधायला आत गेले.