आवळ्याच्या बाटलीवरची अक्काची ओळ

अक्का गेली आणि तिसऱ्याच दिवशी गावानं निकाल देऊन टाकला, की तिला पावडरीनं खाल्लं. बातमी आली तेव्हा मी मुखेडच्या बाजारात आवळ्याचा भाव करत होते. नांदेडच्या दवाखान्यातून पुतण्या फोनवर एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली..." मी आवळे तिथंच टाकून एसटी गाठली. अक्काच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून अधू होती, हे अख्ख्या भावकीला ठाऊक होतं. पण माणूस गेल्यावर गावाला डॉक्टरांचं कारण पुरत नाही. "रोज त्या केमिकलमंदी हात घालायची, दुसरं काय हुईल?" शेजारणीनं आणून दिलेला चहा पिता पिता बायका माझ्यासमोर हे बोलत होत्या. घरात सुतक होतं म्हणून मी गप्प बसले. आता सुतक फिटलंय.

गयाबाई ही माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची, मग सगळा बचत गटच अक्का म्हणायला लागला. आमचा गट आवळ्याचं सरबत करतो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे गटाची लिखापढी माझ्याकडं आणि भांडणं अक्काकडं, अशी आमची वाटणी होती. शोकसभेत कुणीतरी तिला 'शांत, सोशिक' म्हणालं तेव्हा मला हसू आवरेना. शांत? ती एसटीच्या कंडक्टरशीसुद्धा पुढच्या थांब्यापर्यंत वाद घालायची! लातूरला गटाच्या बायकांचं प्रशिक्षण होतं, तिथून ती एक शब्द पाठ करून आली: पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. सरबत आंबू नये, काळं पडू नये म्हणून घालायची ती पावडर. दिसायला बारीक मिठासारखी पांढरी, पण डबा उघडला की विझलेल्या काडीसारखा वास नाकात चढतो. पहिल्या खेपेला आम्ही ती तशीच कढत पाकात टाकली आणि खोकत खोकत सगळ्या अंगणात पळालो. गटातल्या सोजरमावशी मीठ-मोहऱ्या उतरवायला निघाल्या होत्या. अक्का डोळे पुसत म्हणाली, "दिष्ट न्हाई लागली मावशी, घाई लागली. पाक निवू द्या की आधी."

त्यानंतर पावडर म्हणजे अक्काचं राज्य. नांदेडच्या दुकानातून ती स्वतः आणायची. खाण्याच्या प्रतीचीच हवी, पाकिटावर तारीख हवी, सुटी दिली तर दुकानदाराची खैर नाही. ओल लागली की पावडरीचे खडे होतात आणि तिचा जोर जातो, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, कोरडा चमचा, आणि मिठाच्या फळीवर तो डबा कधीच नाही. आधी खिडक्या उघडायच्या, नाकाला पदर बांधायचा, हातमोजे घालायचे, मग काट्यावर वजन. अंदाजपंचे कुणी टाकायला गेलं की हातावर चापट. वाटीभर गार रसात विरघळवून मगच ती मोठ्या पातेल्यात ओतायची. एकदा मी म्हटलं, यंदा जांभळाचंही करू. "ह्या पावडरीवर न्हाई जमायचं," ती म्हणाली, "ती जांभळाचा रंगच खाती." तरी मी एक बाटली करून बघितलीच. रंग उडाला. मग आठवडाभर ती मला "काय मास्तरीण, जांभूळ काय म्हणून राहिलं?" असं विचारत होती.

लातूरचा एक व्यापारी आमचा माल माहूरच्या यात्रेतल्या दुकानांना पुरवायचा. एका हंगामात त्याचा फोन आला, बाटल्या फुटल्या, दुकानभर फेस झालाय. पाठोपाठ निदानही त्यानंच केलं: "तुमच्या केमिकलमुळं फुटल्या." अक्का माहूरला गेली, मी सोबत. न फुटलेली एक बाटली तिनं उघडली आणि भर बाजारात, यात्रेकरूंसमोर पेल्यात पाणी घेऊन सरबत केलं आणि गटागटा प्यायली. फुटलेल्यांचं कोडं घरी आल्यावर सुटलं. हंगामातलं पहिलं सरबत रेणुकामातेच्या नैवेद्याला काढायची आमची रीत. देवीला पावडर घातलेलं कसं दाखवायचं, म्हणून नैवेद्याचं पातेलं आधीच बाजूला ठेवायचं. त्यात उरलेलं सोजरमावशींनी गुपचूप बाटल्यांत भरलं होतं. "देवीचं उष्टं वतून देऊ का म्या?" त्या रडवेल्या झाल्या. म्हणजे आंबून फुटल्या त्या पावडर नसलेल्या, देवीच्या बाटल्या! अक्का इतकी हसली की तिला धाप लागली. पुढच्या वर्षीपासून नैवेद्य वाटीभरच, आणि तो तिथल्या तिथं वाटून संपवायचा.

व्यापाऱ्याला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि भलतीच तोड काढली. पावडर घाला, पण लेबलवर 'रसायनविरहित, घरगुती' असं छापा. मग लातूरच्या मोठ्या दुकानांतही माल लावतो. गटातल्या निम्म्या बायकांना ते पटलं, खरं सांगायचं तर मलाही. अक्कानं मात्र रेहानाकडं बोट दाखवलं. रेहाना आमच्या गटातली सगळ्यात धाकटी, तिला दमा आहे. ह्या पावडरीचा वास आला किंवा सरबत पोटात गेलं, की तिची छाती भरून येते. म्हणून पावडरीच्या वेळी ती अंगणापलीकडच्या चिंचेखाली बसते आणि रिकाम्या बाटल्यांना लेबलं चिकटवते. अक्का म्हणाली, "हिला आपुन सांगतो, बाई तू पिऊ नको. लातूरात अशीच कुणाची लेक आसंल. तिला कोण सांगंल? बाटलीनंच सांगाया पायजे न्हवं?" त्या दिवसापासून लेबलवर ओळ आली: 'यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आहे. दम्याच्या रुग्णांनी घेऊ नये.' लातूरची मोठी दुकानं गेली ती गेलीच.

तो व्यापारी गेल्या आठवड्यात भेटायला आला. हळहळला, फोटोला हात जोडले, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "वहिनी, आता अक्का न्हाईत... तेवढी ओळ काढून टाका. नायतरी पावडरीनंच गेल्या म्हणतेत लोकं. लेबलवर ते नाव बघून कोण घेईल?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे जिवंतपणी तिनं जे करू दिलं नाही, ते मेल्यावर तिच्याच नावानं करायचं! मी सोजरमावशींकडं पाहिलं. मला वाटलं, त्या म्हणतील, काढा. मावशी म्हणाल्या, "शेट, च्या झाला का? मग उठा."

माहूरची दुकानंही गेली बहुतेक. जाऊ दे. आम्ही नवी लेबलं छापून आणली आणि ती ओळ मोठ्या अक्षरांत घेतली, फळाच्या चित्रापेक्षा मोठी. काल पहिली खेप निघाली. खिडक्या मी उघडल्या, पदर मी बांधला, वजन करताना काट्यावर चिमूटभर जास्त पडलं, म्हणून पुन्हा केलं. अक्का असती तर चापट बसली असती... भरलेली पहिली बाटली मी खिडकीत ठेवली आणि चिंचेखालच्या रेहानाला हाक मारली. तिनं जागेवरूनच मान वर केली, डोळे बारीक केले आणि ती सगळी ओळ मोठ्यानं वाचली.

"हिथून बी दिसतंय, भाभी," ती म्हणाली.