सीतादहीला निघालो अन् ट्राउट धरून आलो

वाशीमच्या आसपास ट्राउट मासा धरायला कुठं जावं, असं कोणी विचारलं तर मी सांगते, आसेगावाकडे जा. तिथं ट्राउट नाही. आमचा जिल्हा अकोला होता तेव्हाही नव्हता. ट्राउट थंड पाण्यातला, काश्मीरचा, आणि आमच्या नदीचं पाणी आश्विनातल्या दुपारी असं की धुणं धुताना हात शेकून निघावेत. तरी आम्ही गेलो, आणि काय मजा आली म्हणून सांगू. मी दुसरी शिकलेली बाई, मोबाइलवर एका बोटानं लिहिते, तेव्हा काना-मात्रा तुम्हीच पाहून घ्या.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं, मी नवी सून होते. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, वीस वर्षं काश्मिरात एका इंग्रज साहेबाकडे खानसामा होते. साहेब त्याच्या देशी गेला आणि जाताना यांना मासे धरायची काठी देऊन गेला. तीन तुकड्यांची, पितळेनं जोडायची. दोऱ्याच्या टोकाला गळ आणि गळावर पिसं बांधून केलेली खोटी माशी. मासा तिला खरी समजून उडी मारतो म्हणे. गावात हे कोणी मानत नसे. मामाजी सांगायचे तो बर्फही लोक मानत नसत. आणि सगळ्यात कमी मानायच्या आमच्या सासूबाई. वीस वर्षं एकटीनं शेत केलं त्यांनी. नवरा इतकी वर्षं कुठंतरी झाडाखाली बसून गोष्टी रचत होता, असं त्यांचं पक्कं मत.

त्या वर्षी आमच्या अंगणातला वालाचा वेल जमिनीवर लोळत होता. सीतादहीच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी एकदा वेलाकडे पाहिलं, एकदा काठीकडे.

"आज जायाचं शेत नदीकाठीच हाय. घ्या संगं," त्या म्हणाल्या. "मासा आला तं आला. नाई तं उद्या हिच्यावर वाल चढवीन."

 मामाजींनी काठी लुगड्यात गुंडाळली, तेही सासूबाईंच्याच.

जायचं कसं ते सांगते. आता आसेगावापर्यंत एसटी आहे. आम्हा तिघांना दोन कोस बैलगाडी, रस्ता म्हणजे काळ्या मातीत पडलेली चाकोरी. बसताना खाली कडबा जास्त घ्या, नाहीतर दोन दिवस उभ्यानं जेवावं लागेल. भाडं नाही, बैल घरचे. जेवायला भाकरी, झुणका, ठेचा. दहीभात वेगळा, तो देवाचा. टॉवेलात बांधलेल्या ज्वारीच्या लाह्या, त्या नदीतल्या माशांच्या. लुगड्यातली काठी गाडीच्या मागून वीतभर बाहेर, तिच्याकडे पाहत एक सायकलवाला बराच वेळ मागं आला.

"मयत हाय का कोणी?" त्यानं हळूच विचारलं.

"अजून नाई," सासूबाई म्हणाल्या.

सीतादही म्हणजे काय, तर कापूस वेचायला सुरुवात करायच्या आधी शेतात पाच दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात दाखवायचा आणि पहिला कापूस वाहायचा. ते झालं. जेवलो. मग शेताखालच्या डोहावर गेलो.

डोहाच्या काठी देवीचं लहानसं देऊळ. येणारा जाणारा माशांना ज्वारीच्या लाह्या टाकतो, म्हणून ते मासे असे सुस्त आणि जाडे की पाहुणचार झालेले जावईच. त्यांना मारायचं नाही ही तिथली रीत, आणि तिची राखण किसन भोई करायचा. लाल पटका बांधलेला, सज्जन माणूस.

"भाऊ, इथला मासा मारता येत नाई," तो म्हणाला.

"मारत नाई किसना. पकडतो अन् सोडून देतो."

"मंग पकडता कायले?"

मामाजी काठीचे तुकडे जोडू लागले. "सायबाले मी बी हेच इचारलं होतं," ते म्हणाले.

साहेबाच्या माश्या डबीत होत्या, पण उंदरांनी पिसं खाऊन दोनच ठेवल्या होत्या. मामाजींनी काठी मागं नेली, पुढं फेकली. दोरा हवेत असा वळला की मी पाहतच राहिले. पहिल्या फेकीत बैलाचं शेपूट आलं. दुसरीत किसनचा पटका डोक्यावरून उडाला आणि पाण्यात पडला. तिसरीत माशी देवळाच्या झेंड्याला अडकली ती अडकलीच. उरलेली माशी पाण्यावर पडली, तर मासे आले, तिच्याकडे पाहिलं आणि परत गेले.

"त्याईले लाह्यायची सवय हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या माशीले कोण इचारते?"

त्या टोमणा मारत होत्या, पण मामाजींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओटीत पूजेनंतर वेचलेला कापूस होता. मी चिमूटभर घेतला, पदराचा धागा ओढला आणि गळावर बांधला. फुटलेल्या लाहीसारखा दिसला हुबेहूब. किसन तेवढ्यात देवळावर चढला होता, झेंड्यातली माशी सोडवायला, आमच्याकडे पाठ करून.

लाही पाण्यावर पडली आणि पाणी फाटलं.

काठी कमान झाली. मामाजी एकदम इंग्रजीत ओरडू लागले, काय ते देव जाणे. मधेच मराठीत जाळी, जाळी म्हणाले तेवढं कळलं, आणि जाळी काश्मिरात राहिली होती. सासूबाई लुगडं खोचून सरळ कमरेइतक्या पाण्यात शिरल्या आणि मासा पदरात धरला. हातभर लांब. साधा रोहू होता, पण मामाजींच्या तोंडून निघालं, "ट्राउट."

सासूबाईंनी त्यावर वाद घातला नाही.

"गावाले दाखवू," त्या म्हणाल्या. "मंगच सोडू."

"गावापर्यंत मरंल तो."

"अन् लोक हसतीन तुमाले. जल्मभर."

"ते तं हसूनच राह्यले."

मासा पदरात तोंड उघडत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे. गळ काढला आणि पदर पाण्यात सोडला. किसन वळला तेव्हा पाण्यावर नुसती वर्तुळं होती.

संध्याकाळी पारावर लोक वाटच पाहत होते. "काय भाऊ, कुठं हाय तुमचा ट्राउट?"  सासूबाई गाडीतून उतरल्या.

"पकडला. अन् सोडून देला."

पार हसला. "वहिनी, आता तुमी बी?"

"म्या माह्या पदरात धरला."

"दाखवा पदर."

दोन कोसांच्या उन्हात पदर कोरडा झाला होता.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते बाभळीची फांदी तोडून वालाजवळ रोवायचं. काठी खुंटीवर गेली. ती अजून आमच्या घरी आहे, कापसाची लाही मात्र कसरीनं खाल्ली. मग चुलीपुढं भाकरी थापताना, मागं न वळता, सासूबाई म्हणाल्या, "तो बर्फ. पाय ठेवला तं आवाज येते म्हणत होते तुमी. कसा येते?"

मामाजींनी उरलेल्या लाह्यांचा टॉवेल सोडला, लाह्या जमिनीवर पसरल्या आणि त्यांच्यावर पाय ठेवला.

"असा."

दाणा सांडला तर दिवसभर बोलणाऱ्या सासूबाई हात पुसत उठल्या. त्यांनीही पाय ठेवला. मग दुसरा ठेवला. भाकरी तव्यावर करपली, ती आम्ही तिघांनी वाटून खाल्ली.