परत येणाऱ्याचा खर्च

पेशंट आला की आप्पा जखमेआधी त्याच्या चपलांकडे पाहायचे. माणूस किती लांबून, किती चालत आलाय, हे त्यांना धुळीवरून कळायचं. मग विचारायचे, "जेवलायसा का?" जखमेची पाळी त्यानंतर.

दौंडच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते आणि मी नवा डॉक्टर. दोन हजारचं दशक संपत आलं होतं. सुंता केली तर पुरुषाला एचआयव्हीचा धोका कमी होतो, असं तेव्हा नव्यानं सांगितलं जात होतं. ट्रक ड्रायव्हर, कंपन्यांतले कामगार लाजत चौकशीला यायचे. "लोक काय म्हणतील?" असं एकानं विचारलं, तर आप्पा म्हणाले, "लोकांना दाखवत फिरणार हायेस व्हय?" सगळे हसले. पण लगेच गंभीर होऊन ते प्रत्येकाला बजावायचे, "धोका कमी हुतो, जात न्हाई. निरोध सोडायचा न्हाई."

दोन पद्धती होत्या. टाके घालायची आणि प्लास्टिकचं कडं बसवायची. कोणती परवडते, हे मोठ्या डॉक्टरांनी मला ठरवायला सांगितलं. मी तक्ता केला. टाके आपोआप विरघळणारे, पण त्यांना वेळ जास्त, माणसं जास्त. कडं पटकन बसतं, फक्त सातव्या दिवशी काढायला यावं लागतं. कडं स्वस्त ठरलं.

आप्पांनी तक्ता वाचला. "ह्यात तुमचा वेळ हाय. पेशंटचा कुठं हाय?"

मी हसण्यावारी नेलं.

महिन्याभरात कारेगावच्या कंपनीतला एक परप्रांतीय वेल्डर कडं काढायला आलाच नाही. नवव्या दिवशी आप्पा सुट्टी टाकून एसटीनं कारेगावला गेले आणि खोल्या धुंडाळत त्याला गाठलं. सुपरवायझर रजा देत नव्हता. जागा सुजली होती, पू झाला होता. "डरने का नाय," म्हणत ते त्याला हाताला धरून दौंडला घेऊन आले. वेळीच आणलं, म्हणून निभावलं.

त्या दिवशी चहा पिताना ते प्रथमच भावाबद्दल बोलले. धाकटा भाऊ ट्रकवर होता. नव्वदच्या दशकात एड्सनं गेला. "कुणी हात लावंना. त्याच्या पट्ट्या मीच बदलल्या. तवाच हे काम शिकलो."

"तेव्हा हे ऑपरेशन असतं तर, आप्पा?"

त्यांनी कप खाली ठेवला. "टाकं घातलं असतं, तर कदाचित वाचला असता. तुमच्या कड्यासाठी सातव्या दिवशी तो कुठला यायला? कुठंतरी रस्त्यावर असता."

मी तक्ता पुन्हा केला. बुडालेली हजेरी, एसटीचं भाडं, चुकलेली फेरी, सगळं धरलं. लांबून येणाऱ्याला विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके आणि गावातल्याला कडं, असं ठरलं.

पुढं मी पुण्याला आलो. आप्पा रिटायर होऊन शिरूरला मुलीकडे राहायला गेले. थंडीत त्यांचा फोन यायचा, "या की, हुरडा हाय." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. असे तीन हिवाळे गेले.

शेवटी गेलो, तेव्हा मुलीनं दार उघडलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

"तुम्हीच का पुण्याचे डॉक्टर?" ती म्हणाली. "रविवारी आप्पा स्टँडवर जाऊन बसायचे. पुण्याची गाडी येऊन गेली, की मगच घरी जेवायला यायचे."