स्वच्छ नोंदी

काल आमच्या लातूरच्या क्लासचा हॉल फिनाइलनं पुसून काढला होता. एका भूकंपतज्ज्ञांना मोठ्या विज्ञान अकादमीचं सदस्यत्व मिळालं, म्हणून त्यांचा सत्कार होता. मी तिथं फिजिक्स शिकवते, त्यामुळं पुढच्याच रांगेत बसले होते. त्या वासानं मला थेट भूकंपानंतरच्या आमच्या गावात नेलं. ढिगाऱ्यांवर तेव्हा रोज फिनाइल मारायचे.

पत्र्याच्या शेडमागं हेच साहेब यंत्र मांडून बसले होते. जमीन अजून अधूनमधून हलायची आणि कागदावर सुई थरथरायची. शेजारीच माझी मावशी तळहातानं जमीन बडवत, गेलेल्या लेकीचं नाव घेऊन रडत होती. साहेब उठून तिच्याजवळ आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बाई, जरा लांब जाऊन रडता का? सुई हलते.”

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. “व्हय साहेब. आमच्यासाठीच करायलात न्हवं तुम्ही,” म्हणाली आणि बाभळीपलीकडं गेली. किती सभ्य माणूस, असंच मला तेव्हा वाटलं होतं.

पुढं साहेब किंवा त्यांचं कुणी काही सांगायला गावात परत आलं नाही. मावशी मात्र मरेपर्यंत मला विचारायची, “काय निघालं ग त्या मशिनीत?”

काल मानपत्रात भूकंपग्रस्तांच्या सेवेचा उल्लेख होता. त्या दिवसांतल्या अत्यंत स्वच्छ नोंदींमुळंच हा मान मिळाला, असंही वाचून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

असणारच स्वच्छ. मावशी लांब जाऊन रडली होती.