वधूपक्षाची भरड

भरडकाकांना कुठलीही वस्तू दिसली की पहिला प्रश्न एकच पडे: यात बार्ली भरडता येईल का? शेजाऱ्याचा लॉन दाबायचा रोलर असो, नाहीतर माझ्या नव्या सुटकेसची चाकं, ते सगळ्याकडे त्याच नजरेने बघत. मी तेव्हा वेस्ट विंडसरला त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी सुटकेस उलटी केली, चाक दाबून पाहिलं आणि म्हणाले, "रबर आहे. नाही चालणार."

तुमच्याही ओळखीत असे एक काका असतील. रिटायर्ड इंजिनिअर, घरात कशाची कमी नाही, तरी शनिवारी सकाळी कुणाच्या जुन्या सामानाच्या गराज सेलला सगळ्यांच्या आधी हजर. काका घरी बिअर करत. त्यासाठी मोड आणून वाळवलेली बार्ली लागते आणि ती भरडावी लागते. भरडायचं खास यंत्र मिळतं, पण ते महाग. दुकानवाला भरडूनही देतो. त्यावर काका म्हणत, "भरडलेलं विकत आणायचं, तर मग बिअरच आणावी की विकत."

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजायचं काय? काकांना मात्र माझ्याहून जास्त घाई. पाहुणे आले की आपल्या डॉक्टर मुलीची ओळख "ही केतकी" एवढ्यावर उरकत आणि माझ्याकडे वळत, "ही घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हिला विचारा काय विचारायचं ते." कुणी काही विचारत नसे. मी ताट धरून उभी.

मग केतकीचं लग्न ठरलं. मुलगा पेनसिल्व्हेनियाचा, आणि त्याचे वडील वॉल्टर स्वतः कित्येक वर्षं घरी बिअर करणारे, त्यातले अगदी मुरलेले. लग्नाची पार्टी काकांच्या बॅकयार्डात होती. काकांनी जाहीर करून टाकलं की बिअर आमची. वॉल्टरनी फोनवर आपलं भरडायचं यंत्र देऊ केलं. काकांनी गोड बोलून नकार दिला आणि फोन ठेवला.

"बाबा, जस्ट बॉरो इट," केतकी म्हणाली.

"व्याह्यांकडून वस्तू मागून आणू? आपण वधूपक्ष आहोत."

"दे डोन्ट इव्हन नो व्हॉट दॅट इज."

"मला माहीत आहे ना."

झालं. आता प्रश्न बिअरचा राहिला नव्हता. व्याह्यांनी ग्लास अर्धा टाकला, तर काका पुन्हा त्यांच्यासमोर बसू शकले नसते.

पहिला बळी मिक्सरचा. चकलीच्या भाजणीसारखं मऊ पीठ निघालं आणि काका खूश झाले. गरम पाण्यात पडताच त्याचं पिठलं झालं. भांड्याच्या खालच्या नळातून थेंब येईना. "दळायचं नाही, भरडायचं," काका स्वतःलाच म्हणाले. "टरफल अख्खं राहिलं पाहिजे, पाणी त्यातूनच गाळलं जातं." तेव्हापासून हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवू लागले, पोस्टमनलासुद्धा, आणि त्यांचं नाव पडलं.

मग उशीच्या अभ्र्यात बार्ली भरून वर लाटणं. अभ्रा फाटला, गराजभर बार्ली.

"माझ्या पोळ्यांचं लाटणं तुमच्या दारूला?" काकू दारात उभ्या.

"दारू नाही गं, बिअर."

"नाव काहीही द्या. लाटणं द्या."

शेवटी एका गराज सेलमध्ये हँडलचं पास्ता मशीन सापडलं. शेवयांच्या पात्रासारखं नव्हे, दोन गुळगुळीत रूळ असलेलं. बार्ली त्यावरून नुसती घसरायची. काकांनी रूळ सॅंडपेपरने खरखरीत केले आणि हँडल फिरवलं. खाली पडलेले दाणे मी तळहातावर घेतले. दाणा फुटलेला, टरफल जवळजवळ शाबूत. काकूंनीही चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "वड्यांच्या पिठाची भरड आहे ही. मला आधी विचारायचं."

लग्नात वॉल्टरनी पहिला घोट घेतला तेव्हा काका त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. मला कुजबुजून विचारत होते, "पितायत का?"

"ग्लास संपला, काका."

"टाकला की प्यायले?"

"दुसरा मागतायत."

काका वळले आणि लोणच्याची बरणी द्यावी तसा त्यांनी बिअरचा अख्खा जग व्याह्यांच्या हातात दिला.

त्यानंतर वॉल्टर सुट्टीला गराजमध्ये येऊन बसू लागले. त्यांना हँडल फिरवायची भारी हौस. काका फिरवू देत नसत. "वॉल्टरराव, यू सिट. वरपक्ष डज नॉट वर्क." ते बिचारे खुर्चीवर बसून वरून बार्ली ओतत.

मी नोकरीसाठी दूर अर्विंगला निघाले, त्याआधी काकांचा निरोप घ्यायला वर गेले. मध्यंतरी झालेल्या ऑपरेशननंतर काका फार बारीक झाले होते. गराजमध्ये ते हँडलपाशी बसले होते, वॉल्टर समोर. काकांनी थोडं फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग उठले, खुर्ची धरून पलीकडे गेले आणि म्हणाले, "वॉल्टर, टेक इट."

वॉल्टर माझ्याकडे बघत राहिले. मग उठून हँडलपाशी बसले आणि फिरवू लागले. काका बार्ली ओतत म्हणाले, "सावकाश रे. टरफल तुटेल."